येसाईची शिळा

कातळखोऱ्यात नदीकडे उतरणाऱ्या वाटेला लागून कमरेएवढी उंच, लांबच लांब काळी शिळा आहे. आसपासचा सगळा कातळ खरखरीत. हीच तेवढी अशी गुळगुळीत, की पाहुण्याचा हात आपसूक तिच्यावर फिरतो. मग गावचे सोनबा गुरव त्याला सावलीत बसवून तिची हकिगत सांगतात.

फार पूर्वी इथे येसाई नावाची म्हातारी राहत होती म्हणे. तिचा एकुलता एक लेक सिदू बायकोला माहेराहून आणायला निघाला आणि नदी ओलांडताना पुरात वाहून गेला. सून ठकू एकटीच सासरी आली. "तुला आणायला गेला माझा लेक," एवढंच येसाई म्हणाली. त्यानंतर तिने सुनेशी बोलणंच सोडलं.

ठकूला माहेरी परतता आलं असतं. पण रडून रडून म्हातारीची नजर गेली होती. तिला तसं टाकून जायला सुनेचा पाय निघेना.

लेकाच्या नावाने दिवा सोडायला येसाई रोज सकाळी नदीवर जाई. ठकूने हात पुढे केला की झिडकारी आणि ही शिळा चाचपत एकटी उतरे. परत येई तेव्हा तिचे तळहात सोललेले असत. ठकू ते रोज पाही. शेवटी तिने नदीतली वाळू आणि एक गोटा घेतला नि शिळा घासायला सुरुवात केली.

"दगड कसला घासतेस? म्हातारीचा हात धर की," शेजारीण म्हणाली.

"हात ती देत नाही," ठकू म्हणाली. "दगड तरी ऐकेल."

कित्येक वर्षं ती घासत राहिली, असं सांगतात. एका सकाळी येसाईचा हात शिळेवरून सरकता सरकता थांबला.

"हे कुणी केलं?"

ठकू मागूनच येत होती. आपलं नाव कळलं तर सासू या शिळेलाही शिवायची नाही, अशी तिला धास्ती. येसाईने अंदाजाने हात लांबवून तिचा हात पकडला आणि तळव्यावरून बोटं फिरवली. तळवा घट्ट्यांनी भरलेला होता.

"पोरी, दगड गुळगुळीत केलास," ती म्हणाली, "आणि हाताचं हे काय करून घेतलंस?"

त्या दिवशी सुनेचा हात धरूनच ती नदीवर उतरली. घरी आल्यावर तिने ठकूच्या तळव्यांना तेल चोळलं.

इतर गावांत 'गुळगुळीत बोलणं' म्हणजे कुणालाच न दुखावता वेळ मारून नेणं. कातळखोऱ्यात मात्र भांडलेली माणसं पुन्हा बोलू लागली, की "त्यांचं गुळगुळीत झालं" असं म्हणतात. आणि घरात नवी सून आली, की सासू आजही तिला या शिळेपाशी आणते आणि सगळ्यांदेखत तिच्या तळहातांना तेल लावते.