म्हशीची बैठक

कासवे सभांचे इतिवृत्त लिहीत असत, त्या काळची गोष्ट. एका तळ्याचे पाणी दरवर्षी आधीपेक्षा लवकर तापू लागले. गेल्या वैशाखात चिंगळी या इवल्या मासळीची अर्धी अंडी वाया गेली, म्हणून यंदा तिने थंडीतच सभा बोलावली.

अध्यक्षपदी मरळ मासा होता. त्याला पाण्याबाहेर तोंड काढून हवा घेता येत असे, त्यामुळे तो फार शांत होता. चिटणीस कासवाने जुनी दप्तरे चाळून सांगितले, "इतके ऊन पूर्वी पडल्याची नोंद नाही. सबब, आताही ते पडत आहे असे म्हणता येत नाही." दोघांची समिती नेमून विषय तिच्या बैठकीवर ढकलला गेला.

"अहो काका, तोवर माझी पोरं शिजतील!" म्हणत चिंगळी थेट काठाशी डुंबणाऱ्या म्हशीकडे गेली. "मावशी, रोज तळ्याच्या मधोमध एकाच जागी डुंबाल का? तिथे खोल खड्डा पडला, तर तळाचं पाणी गार राहील."

"नुसतं बसायचंच ना? ते मला जमतं."

वैशाखापर्यंत म्हैस रोज बसली. समितीच्याही सात बैठका झाल्या.

मग तळे आटून त्या खड्ड्यापुरते उरले. गार तळाशी चिंगळीची पिल्ले हुंदडत होती. धापा टाकत समितीही तिथेच आली. कासवाने वही उघडली. "आलोच आहोत, तर आठवी बैठक इथेच घेऊ."

"घ्या की काका," चिंगळी म्हणाली. "फक्त म्हशीमावशीसारखी घ्या. उठल्यावर खड्डा दिसला पाहिजे."