डॅशबोर्डावरचा ओरखडा

फार फार वर्षांपूर्वी, राजे अजून राजवाड्यात राहत होते आणि त्यांच्या मोटारी नुकत्याच म्हाताऱ्या होऊ लागल्या होत्या, तेव्हाची ही गोष्ट. लहानांनी ती ऐकावीच, पण मोठ्यांनी जरा जास्त लक्ष देऊन ऐकावी, कारण यातली चूक लहान मुलं करत नाहीत.

डोंगरात एक लहानसं राज्य होतं आणि त्या राज्यात एकच मोटार होती. राजाच्या वडिलांनी ती आणली होती. वडील गेल्यावर राजा तिला फार जपत असे, म्हणजे दसऱ्याला हार घालत असे आणि एरवी मागच्या गादीवर बसून पेंगत असे. मोटार चालवणाऱ्याला वाड्यात अजून सारथीच म्हणत. हा सारथी म्हातारा होता, तंबाखू खायचा आणि कुणाशी धड बोलायचा नाही. पण त्याच्या हाताखाली मोटार रस्त्यात कधी अडली नव्हती.

एका वर्षी राजाच्या मनात आलं, की मोटार पुन्हा नव्यासारखी दिसली पाहिजे. लोहारानं पत्रा ठोकून सरळ केला, गाद्या नव्यानं शिवून झाल्या. राहिला तो डॅशबोर्ड, म्हणजे चालवणाऱ्याच्या समोरची ती लांब पत्र्याची पट्टी, जिच्यात वेग आणि पेट्रोल दाखवणाऱ्या गोल तबकड्या बसवलेल्या असतात. उन्हानं तिचा रंग विटला होता, पोपडे धरले होते आणि तबकड्यांवरचे आकडे वाचता येत नव्हते. हे काम राजानं राज्यातल्या सगळ्यांत नावाजलेल्या रंगाऱ्याकडे दिलं.

रंगारी खरोखरच मोठा कारागीर होता, ते मी कमी करून सांगणार नाही. त्याची बायको मागेच वारली होती. एकुलती एक लेक होती, ती पहिल्या बाळंतपणासाठी माहेरी आली होती. लेकीवर त्याचा फार जीव होता. तेवढाच जीव आपल्या नावावरही होता.

त्या राज्यातल्या रंगाऱ्यांची एक रीत होती. जुनी वस्तू खरवडायची, तर आधी तिच्यावरची एकेक खूण घरच्यांना दाखवायची आणि विचारायचं, ही ठेवू की घालवू? दाराच्या चौकटीवर पोरांची उंची मोजलेली असते, पाळण्याच्या कडेला कुणाचे पहिले दात उमटलेले असतात. अशा खुणांवरून कुणी रंग फिरवत नसे.

पेट्रोलच्या तबकडीभोवतीच्या कडीवर एक खोल, वाकडा ओरखडा होता. कुणीतरी खिळ्यानं मुद्दाम काढल्यासारखा. रंगाऱ्याला तो बघवेना. रीत मोडायला नको म्हणून त्यानं विचारलं, पण विचारलं ते राजाला. राजा उभ्या जन्मात पुढच्या गादीवर बसला नव्हता. तो म्हणाला, कुणा मेल्यानं ओरबाडून ठेवलंय, घालवून टाक.

सारथी तिथेच अंगणात उभा होता. तो दोन पावलं पुढे आला आणि म्हणाला, "रंगारीबुवा, त्या कडीवरचं जरा..."

"मालकाशी बोलणं झालंय माझं," रंगारी म्हणाला. "तू लांब उभा राहा. तंबाखूचा शिंतोडा उडेल."

वयानं एवढ्या मोठ्या माणसाला तो चार नोकरांसमोर अरेतुरे करत होता. सारथ्याच्या तोंडात पुढचं वाक्य आलेलं होतं. ते त्यानं गिळलं, "बरं" म्हणाला आणि निघून गेला.

मग रंगाऱ्यानं काम असं केलं, की बघणाऱ्यानं बघत राहावं. जुना रंग पत्र्यापर्यंत खरवडला. ओरखड्यात लांबी, म्हणजे खाचा बुजवायचा लगदा, भरली, ती वाळू दिली, पॉलिश पेपर पाण्यात बुडवून घासली, इतकी की बोट फिरवलं तरी काही लागू नये. त्यावर अस्तर, अस्तरावर गडद किरमिजी रंग, रंगावर रोगण. तबकड्यांवरचे आकडे त्यानं बारीक कुंचल्यानं पुन्हा काढले. डॅशबोर्ड मोटारीत बसवला तेव्हा राजाला त्यात स्वतःचं तोंड दिसलं, आणि राजांना याहून जास्त काही आवडत नाही.

एवढ्या देखण्या मोटारीत हा तंबाखू खाणारा म्हातारा शोभेना. राजानं नवा, तरणा सारथी ठेवला. म्हाताऱ्यानं किल्ली दिली आणि आपल्या गावी गेला. नव्यानं त्याला काही विचारलं नाही आणि त्यानंही आपणहून काही सांगितलं नाही.

राजा रंगाऱ्याला म्हणाला, माग काय हवं ते. रंगाऱ्यानं हात जोडून सांगितलं, की लेकीचे दिवस भरत आलेत, वेळ पडली तर मोटार मिळावी. राजानं हसत कबूल केलं.

वेळ पडलीच. सकाळपासून लेक कळा देत होती आणि दुपार कलली तरी सुटका होईना. सुईण बाहेर येऊन म्हणाली, मूल आडवं आलंय, माझ्या हातचं नाही, घाटापलीकडच्या दवाखान्यात न्या. निरोप जाताच मोटार दारात आली. मागच्या गादीवर सुईणीच्या मांडीवर डोकं ठेवून लेकीला निजवलं. रंगारी पुढे बसला.

नव्या सारथ्यानं तबकडीकडे पाहिलं. वाड्याच्या आवारात पेट्रोलचे भरलेले डबे रचून ठेवले होते. वाटेत वळून एक डबा ओतून घ्यावा का, असं त्यानं विचारलं.

"काटा पाव टाकीवर आहे की," रंगारी म्हणाला. "आकडे मीच काढलेत. चल, उशीर नको."

अर्धा घाट चढून झाला, आणि मोटार खोकली, हिसके देत थांबली. सारथ्यानं चाकाला दगड लावला. बॉनेट उघडलं, ताराबिरा तपासल्या, नळ्या फुंकल्या. सगळं पाहिलं, पेट्रोल तेवढं पाहिलं नाही, कारण काटा पावावरच होता. यात फार वेळ गेला.

"बाबा, पोचलो का?" मागून लेकीनं विचारलं.

"पोचतोय गं," रंगारी म्हणाला.

शेवटी सारथ्यानं टाकीचं झाकण काढून आत काठी घातली. काठी कोरडी बाहेर आली. रंगारी पुढे वाकला आणि त्यानं तबकडीच्या काचेवर टिचक्या मारल्या. काटा हलला नाही. हा काटा कित्येक वर्षांपासून तिथेच अडकत होता, टाकी रिकामी झाली तरी त्याखाली उतरत नव्हता. तो ज्या जागी अडकतो, नेमक्या त्याच जागी म्हाताऱ्या सारथ्यानं कडीवर खिळ्यानं खूण करून ठेवली होती. काट्याचं टोक आता चकचकीत किरमिजी रंगाकडे बोट दाखवत होतं, आणि तिथे लांबी भरणारा हात रंगाऱ्याचाच होता.

लेकीनं आणखी एकदा विचारलं, पोचलो का. पुढे तिनं विचारलं नाही.

लाकडं नेणारी एक बैलगाडी बऱ्याच वेळानं वर आली. गाडीवानानं लाकडं तिथेच रस्त्यात ओतली आणि तिला गाडीत घेतलं, बैल पळवता येतील तेवढे पळवले. पण बाळ आधीच गेलं होतं, आणि घाटमाथ्यावर लेकही गेली. सांगायला नको वाटतं, पण असंच झालं.

राजाला वाईट वाटलं. त्यानं नव्या सारथ्याला काढून टाकलं, कारण कुणाला तरी काढायलाच हवं होतं. मोटार आवारात उभी राहिली, आणि तिच्याइतकी देखणी मोटार पंचक्रोशीत नव्हती.

सुतक फिटल्यावर रंगारी म्हाताऱ्या सारथ्याच्या गावी गेला. भांडायला गेला की पाया पडायला, हे त्याचं त्यालाही ठाऊक नव्हतं. म्हातारा ओट्यावर बसला होता. त्याच्या कानावर सगळं आलेलं होतं. त्यानं पाणी पुढे केलं, पण रंगाऱ्यानं ते घेतलं नाही.

"सांगितलं का नाहीत?" रंगाऱ्यानं विचारलं. आता तो त्याला अहोजाहो करत होता.

म्हाताऱ्यानं ते ओट्यावर ठेवलं. मग म्हणाला, "तोंड उघडलं होतं. तुम्ही गप्प केलंत, आणि मी गप्प झालो. मनात म्हटलं, अडू दे एकदा राजाला भर रस्त्यात, मग कळेल माझी किंमत. आत राजाच असेल असं धरून चाललो होतो मी. तुमची लेक असेल, हे मनात आलं नाही."

 रंगारी उठला आणि घाटाच्या रस्त्यानं पायी घरी गेला. त्यानं पुन्हा कुंचला हातात धरला नाही, आणि म्हाताऱ्याला त्यानंतर धड झोप लागली नाही, असं गावातले लोक सांगत.

तात्पर्य : डोळ्यांना खुपणारी खूण पुसण्याआधी ती ज्यानं केली त्याला विचारावं, आणि ज्याला तिचा अर्थ ठाऊक आहे त्यानं कुणी अपमान केला तरी तो सांगितल्याशिवाय राहू नये.