कोटाच्या आतली म्हैस

पशुखाद्याच्या कंपनीत महिनाभर राबून शर्वरीने नवी जाहिरात तयार केली, आणि ती डीलरांपुढे मांडायच्या दिवशीच मालक रणधीरराव सरपोतदारांनी तिला दारात अडवलं. कारण काय, तर ब्लेझरच्या आत टी-शर्ट आणि त्यावर गॉगल घातलेली म्हैस!

"वर साहेबी कोट आणि आत हा तमाशा? एक काय ते ठरव, मगच आत ये."

शर्वरीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. दारावरच्या तसबिरीत रणधीररावांचे आजोबा, कंपनीचे संस्थापक, कोट-धोतरात ताठ उभे होते. त्यांना रणधीररावांनी सकाळीच हार घातला होता.

"ठरवते की, साहेब," ती तसबिरीकडे बोट दाखवून म्हणाली. "आधी यांचं ठरू द्या. कोट उतरवायचा की धोतर?"

रणधीरराव दारातून बाजूला झाले.