पोळी टाकू देणार नाही!

एक होती मुंगी. तिचं नाव मिरी. मिऱ्याहून लहान, पण मिऱ्याहून तिखट!

मिरी राहायची चारूच्या स्वयंपाकघरात. खिडकीच्या फटीत.

एका सकाळी मिरी ओट्यावर आली. तुरुतुरु तुरुतुरु! ओट्यावर होता पोळ्यांचा डबा. डब्यात होत्या कालच्या चार पोळ्या. मिरी वरच्या पोळीवर चढली. कडेचा एक कण तोडला. तोंडात धरला.

इतक्यात चारूच्या बाबांनी पोळ्या उचलल्या. मिरी पडली, टप्! कण पडला, कुठे गेला कोण जाणे!

बाबा म्हणाले, "शिळ्या झाल्या या. टाकतो कचऱ्यात. ब्रेड आणतो."

मिरीला आला राग. तिने सहाच्या सहा पाय आपटले. टप टप टप, टप टप टप!

"पोळी टाकू देणार नाही! मुळीच नाही!"

बाबा खाली वाकले. "कोण गं तू?"

"मी मिरी. पोळी नुसती वाळली आहे. वाईट नाही झाली. फोडणीची पोळी करा!"

बाबा म्हणाले, "कढई तापली तर करतो. मी घालतोय चपला. चपला घालून झाल्या, की चाललो!"

मिरी निघाली. तुरुतुरु तुरुतुरु! गेली कढईकडे.

"कढई कढई, तापतेस का?"

"का गं मिरी?"

"बाबा थांबत नाहीत,
पोळी वाचत नाही!"

कढई म्हणाली, "रिकामी कशाला तापू? मोहरी उडाली तर तापते. नाहीतर नाही, जा!"

टप टप टप, टप टप टप!

"पोळी टाकू देणार नाही! मुळीच नाही!"

मिरी निघाली. तुरुतुरु तुरुतुरु! गेली मसाल्याच्या डब्यात.

"मोहरी मोहरी, उडतेस का?"

"का गं मिरी?"

"कढई तापत नाही,
बाबा थांबत नाहीत,
पोळी वाचत नाही!"

मोहरी म्हणाली, "एकटी कशाला उडू? कांदा उठला तर उडते. नाहीतर नाही, जा!"

टप टप टप, टप टप टप!

"पोळी टाकू देणार नाही! मुळीच नाही!"

मिरी निघाली. तुरुतुरु तुरुतुरु! ओट्याच्या कोपऱ्यात एक वाटी. वाटीत कालचा अर्धा कांदा. फुगून बसलेला.

"कांदा कांदा, उठतोस का?"

"का गं मिरी?"

"मोहरी उडत नाही,
कढई तापत नाही,
बाबा थांबत नाहीत,
पोळी वाचत नाही!"

कांदा म्हणाला, "काल मला अर्धा चिरला आणि विसरून गेले! आता कशाला उठू? खाणार कोण? चारू खाते म्हणाली तर उठतो. नाहीतर नाही, जा!"

टप टप टप, टप टप टप!

"पोळी टाकू देणार नाही! मुळीच नाही!"

तिकडे बाबांनी एक चप्पल घातली. सट्!

मिरी पळाली. तुरुतुरु तुरुतुरु तुरुतुरु! चारू बसली होती टेबलाखाली. मिरी तिच्या गुडघ्यावर चढली.

"चारू चारू, खातेस का?"

"का गं मिरी?"

"कांदा उठत नाही,
मोहरी उडत नाही,
कढई तापत नाही,
बाबा थांबत नाहीत,
पोळी वाचत नाही!"

चारूने नाक मुरडलं. "कालची पोळी? शी! मी नाही खाणार."

मिरी रडली नाही. मिरी चावली नाही. मिरीने विचारलं, "काल कणीक कोणी मळली?"

"आईने."

"कधी?"

"कामावरून आल्यावर."

"पोळ्या कोणी लाटल्या?"

"आईने."

"आणि तवा कोणाला लागला?"

चारू हळूच म्हणाली, "आईला. इथे, बोटाला. मी फुंकर घातली."

"आणि ती पोळी कचऱ्यात?"

चारू उठली. तिचे पाय दोनच. पण तिने दोन्ही आपटले. धप धप!

"पोळी टाकू देणार नाही! मुळीच नाही! मी खाणार!"

चारू खाते म्हणाली,
कांदा उठला. टुण्!
कांदा उठला,
मोहरी उडाली. तड तड तड!
मोहरी उडाली,
कढई तापली. चर्र चर्र!
कढई तापली,
बाबा थांबले. एक पाय चपलेत, एक पाय बाहेर!
बाबा थांबले,
पोळी वाचली!

चारूने पोळ्या कुस्करल्या. कुस्कर कुस्कर! बाबांनी कांदा चिरला. हळद घातली. तिखट घातलं. मीठ घातलं. घरभर वास सुटला. हूंऽऽऽ!

बाबा म्हणाले, "अरे वा! ब्रेडचे पैसेही वाचले!"

आईसाठी वाटीभर काढून ठेवली. वर झाकण ठेवलं.

मग बाबांनी एक कण खाली टाकला. "घे गं मिरी. हा तुझा."

मिरीने कणाकडे पाहिलं. मिरीने बाबांकडे पाहिलं. मान वर केली.

"खालचा मी नाही खाणार! मी किती पळाले. मी किती भांडले. मला ताटात वाढा!"

"चुकलं हं, मिरीताई," बाबा म्हणाले.

चारूने आपलं ताट पुढे सरकवलं. ताटाच्या कडेला एक कण पोळीचा. एक कण कांद्याचा. आणि दोन दाणे मोहरीचे.

मिरी ताटात बसली. चारूच्या शेजारी, ऐटीत.

आणि पोटभर जेवली.