राखलेले पाट

एका राज्यात, सात टेकड्यांच्या कुशीत, एक कौतुकवन होते. तेथे लाकडी हंस माणसांना पाठीवर घेऊन उडत, तळ्यातले पाणी शिडीसारखे उभे राही आणि कारंजी विचारलेल्या प्रश्नांना उत्तरे देत. वनात कमलशाला, शंखशाला व दीपशाला अशा तीन भोजनशाला होत्या. पाकसिद्धा नावाची मांत्रिका त्यांची स्वामिनी होती. नियम असा होता की, भोजनाच्या दहा दिवस आधी सूर्योदयी महाद्वारावरील मैनेला आपले नाव, शाला आणि माणसांची संख्या सांगावी. मैना ते विसरत नसे, आणि तिने राखलेल्या पाटावर दुसरे कोणी बसत नसे.

त्या राज्याचा राजा धृतवर्मा याने एकाच दिवशी, एकाच वेळी, तिन्ही शालांत अकरा-अकरा पाट राखले.

"त्या दिवशी जिथे मन होईल तिथे जेवू," तो म्हणाला.

तो दिवस उजाडला. वृद्ध विणकर लखमोजी आणि त्याची पत्नी येसाई सात कोस चालून वनात आली होती. तिन्ही दारांतून त्यांना परत फिरवण्यात आले, आणि तिन्ही दारांतून त्यांना रिकामे पाट दिसले. कमलशालेच्या पायरीवर येसाई घेरी येऊन पडली.

मध्यान्हीची भोजनघंटा होऊन दोन घटका उलटल्यावर राजा लाकडी हंसावरून उतरला आणि कमलशालेत येऊन बसला. पाकसिद्धा त्याच्यासमोर उभी राहिली.

"राजा, दोन शब्द तू मोडलेस आणि तिसऱ्याला उशीर केलास. तू पाट अडवलेस. आता पाट तुला अडवील."

राजाची पावले पाषाणाची झाली आणि तो त्या पाटावरच खिळला.

त्याच्यासोबत आलेली राजकन्या शर्विला हात जोडून म्हणाली, "माते, उःशाप सांगावा."

"तीन शालांत तीन शब्द मोडले गेले. तीन शालांत तीन शब्द तू पाळ. पाषाण ओठांना टेकला, तर शाप कायमचा."

दुसऱ्या दिवशी सूर्योदयी शर्विला महाद्वारी गेली.

"राजकुळातल्या का आपण?" मैनेने मान वाकडी केली. "मग नाव तीनदा सांगणार, की एकदाच पुरेल?"

"एकदाच, मैनाताई. कमलशाला. एक पाट."

दहाव्या दिवशी ती निघाली, तेव्हा वाटेतले कारंजे आपणहून बोलले, "थांब, तुझा पिता वाचेल की नाही ते सांगते." शर्विलेचे पाऊल अडखळले, पण ती थांबली नाही. मध्यान्हीची घंटा झाली तेव्हा ती पाटावर बसलेली होती. राजाचे गुडघे तोवर पाषाणाचे झाले होते.

दुसऱ्या वेळी तिने शंखशालेत चार पाट राखले. ठरल्या दिवशी तिच्यासह चौघे यायचे होते. परंतु प्रधानाने आपला मेहुणाही आणला.

"एक पाट सरकवून घेऊ," प्रधान म्हणाला. "राजकन्येला कोण अडवणार?"

"चार सांगितले होते, प्रधानजी. चारच बसतील."

"मग मेहुण्याला उठवू का? बिचारा सकाळपासून उपाशी आहे."

"नको. त्यांना बसू द्या."

ती स्वतः बाहेर उभी राहिली, आणि आतल्या चौघांचे जेवण संपेपर्यंत हलली नाही. पाषाण राजाच्या छातीपर्यंत चढला होता.

तिसऱ्या वेळी तिने दीपशालेत दोन पाट राखले. मैनेने विचारले, "दुसरा कोणासाठी?"

"माझ्या वडिलांसाठी. मी पाटावर बसताच ते मोकळे होतील. त्यांना भूक लागली असेल."

मैनेने दोन पाट राखले.

परंतु पाषाण कोणाच्या गणिताने चढत नाही. दहाव्या दिवशी सकाळी शर्विला वनामधल्या पांथशाळेत असताना सेवक धावत आला. "ताईसाहेब, पाषाण हनुवटीला लागला. मध्यान्हीपर्यंत महाराज राहणार नाहीत. ते तुम्हांला हाक मारताहेत."

कमलशाला उत्तरेला होती आणि महाद्वार दक्षिणेला. शर्विला उत्तरेकडे चार पावले धावली. मग ती थांबली. दीपशालेतले दोन पाट तिच्या नावाने मध्यान्ही रिकामे राहणार होते.

ती वळली आणि दक्षिणेकडे धावली.

"मैनाताई," ती धापा टाकीत म्हणाली, "मी आज येऊ शकत नाही. माझे दोन्ही पाट मोकळे करावे."

"तिसरा शब्द मोडेल, राजकन्ये."

"मोडेल. म्हणून दुसरे कोणी उपाशी का राहावे?"

"ते पाट मी कोणाला द्यावे, असे तुला वाटते?"

"ते मी ठरवायचे नाही. जो आधीपासून थांबला आहे, त्याला द्यावे."

मैनेने पंख पसरले आणि प्रतीक्षेतल्या पहिल्या नावाला हाक घातली, "लखमोजी विणकर, माणसे दोन!" सात कोस पुन्हा चालून आलेले ते दांपत्य नाव लावून दाराशीच थांबले होते.

शर्विला कमलशालेत पोहोचली तेव्हा पाषाण राजाच्या खालच्या ओठापाशी येऊन ठेपला होता.

"इतका उशीर का केलास, बाळ?" त्याने कसेबसे विचारले.

"पाट सोडून आले, बाबा."

राजाने तिच्याकडे पाहिले. "तेवढे मला सुचले असते, तर..." तो म्हणाला, आणि त्याला पुढे बोलता येईना.

मध्यान्हीची घंटा झाली. दीपशालेत येसाईने पहिला घास उचलला आणि आधी नवऱ्याच्या तोंडात घातला. "तिखट आहे गं," लखमोजी म्हणाला, "पण वाढायला सांग."

त्याच क्षणी कमलशालेत पाषाणाला तडे गेले. राजा पाटावरून उठला.

पाकसिद्धा दारात उभी होती. शर्विलेने मान खाली घातली. "माते, तिसरा शब्द माझ्याकडून पाळला गेला नाही."

"येता येत नाही हे वेळेवर सांगणे, हाही शब्द पाळणेच आहे, मुली. तुझ्या पित्याने तेवढे जरी केले असते, तरी मला शाप द्यावा लागला नसता."

राजा अनवाणी दीपशालेकडे गेला. वृद्ध दांपत्याचे जेवण होईपर्यंत तो दाराबाहेर उभा राहिला, आणि ती दोघे बाहेर आल्यावर त्याने त्यांची क्षमा मागितली. येसाई म्हणाली, "आधी जेवून घ्या, महाराज. चेहरा उतरलाय तुमचा."

"माझे नाव दिलेले नाही," राजा म्हणाला.

तो महाद्वारी गेला, मैनेला एकदाच आपले नाव सांगितले, आणि दहा दिवसांनी घंटेच्या आधी येऊन बसला. त्यानंतर त्या वनात राखलेला पाट विनाकारण रिकामा राहिला नाही.

पंगत उठली, पाने उचलली. कथाही तेथेच उठली.