तुळईवरचा नारळ

"माई, नवस बोलले मी, फेडायचा होता यांनी. तो तसाच राहिला, तर पोराच्या वाट्याला येतो का हो?"

हौसाबाईने विचारले आणि पदराचे टोक तोंडाशी धरले.

मठातल्या गोदामाई वाती वळत होत्या. वळत राहिल्या...

ओसरीच्या तुळईला लाल फडक्यात बांधलेले नारळ टांगलेले होते. कोरेवाडीची ही जुनी रीत. घरचा माणूस लढाईवर निघाला की त्याच्या नावाने इथे नारळ बांधायचा, आणि परत आल्यावर त्याने तो स्वतःच्या हाताने फोडायचा. जे परतले नाहीत, त्यांचे नारळ माई उतरवत नसत.

हौसाबाईनेही मठातल्या देवीला हात जोडून धन्याच्या नावाने एक बांधला होता. 'सुखरूप आण गं आई, त्यांच्याच हाताने फोडवीन.'

सुभेदार ज्ञानोबा निकम सुखरूप आले. शौर्यपदक घेऊन आले. हलगी कडाडली, मिरवणूक निघाली. मठाची पायरी मात्र त्यांनी चढली नाही.

तेव्हापासून जिवंत माणसाचा नारळ न परतलेल्यांच्या रांगेत लटकत होता. वारा सुटला की ते एकमेकांवर आपटत. तो आवाज खाली वस्तीपर्यंत येत नसे, तरी हौसाबाईला ऐकू येई.

आणि आज फौजेतल्या लेकाची, समरची, सुट्टी रद्द झाली होती. सीमेवर तोफा सुरू झाल्या होत्या. तो घरी बॅग भरत होता. संध्याकाळच्या गाडीने निघायचे होते.

तिने नवऱ्याला जवळजवळ ओढतच वर मठात आणले होते. सुभेदार दाराशी ताठ उभे होते.

"बसा की," माई म्हणाल्या.

"उभाच बरा. हिचं एकदा समाधान करा."

"नारळ का नाही फोडलात?"

"भित्र्यांचे नारळ ते, माई. मी शत्रूच्या टेकडीवर रांगत गेलो. मशीनगन गप्प केली. दोन जवान पाठीवर टाकून खाली आणले. मला भीती वाटली नाही. जे नव्हतंच, त्याचा नारळ कसला फोडू?"

"पोराला सांगितलंत हे?"

"सकाळी त्यानंच विचारलं, 'आप्पा, तुम्हाला भ्या वाटलं होतं का?' मी म्हटलं, नाही."

"मग?"

"मग... पाठ फिरवली त्यानं. बॅग भरायला लागला."

माईंनी वाती खाली ठेवल्या.

"तुमच्यापाशी नव्हती. मग कुठे होती?"

"कोण?"

"भीती."

सुभेदार हसले. एकटेच.

माई उठल्या. त्यांनी हौसाबाईचे मनगट धरले आणि तिचा हात सुभेदारांच्या तळव्यावर ठेवला.

हात थरथरत होता.

"अगं... कधीपासून हे?"

"तुम्ही गेलात त्या दिवसापासून," हौसाबाई खाली बघत म्हणाली. "भाकरी थापताना कळत नाही, एवढंच."

सुभेदारांनी तो हात मुठीत घट्ट धरला.

मग त्यांनी चपला काढल्या. आपला नारळ त्यांनीच शोधला, उतरवला, पायरीवर आपटला. आत पाणी नव्हते. माईंनी खोबऱ्याचा तुकडा त्यांच्या हातावर ठेवला.

"कसा आहे?"

"खवट."

"गिळा."

त्यांनी गिळला.

"हौसे, तुझा नवस फिटला गं बाई. लेकरावर काही येत नाही. आई अशी कुणाचं लेकरू मागत नसते."

हौसाबाईने डोळे पुसले. पिशवीतून समरच्या नावाचा नवा नारळ काढला आणि तुळईकडे हात उंचावला.

"तू नको," माई म्हणाल्या. नारळ काढून घेऊन त्यांनी तो सुभेदारांना दिला.

सुभेदारांनी फडक्याची गाठ मारली. सुटली. पुन्हा मारली. पुन्हा सुटली. ते आपल्या बोटांकडे बघत राहिले, जणू दुसऱ्या कुणाची असावीत.

"माई... पोराला काही झालं, तर?"

तिसऱ्यांदा गाठ कशीबशी बसली. सुभेदारांनी दोन्ही हात पॅंटच्या खिशात कोंबले.

माईंनी ते हलकेच बाहेर काढले.

"एवढं माझं ऐका, सुभेदार. ती भ्यायली, तसं आता तुम्हीही. भ्या... आणि पोराला गाडीत बसवताना हे हात खिशात घालू नका."