मौनाच्या दिवशी आलेली चिठ्ठी

एकदा एका घाटमाथ्यावरच्या नगरात एक वृद्ध वैद्य औषधशाळा चालवीत असत. दर गुरुवारी ते मौन पाळीत. त्या दिवशी आज्ञा चिठ्ठीवर येई, खाली त्यांची मुद्रा असे, आणि दारावर पाटी होती : 'गुरुवारी आचार्यांना काही विचारू नये.' शिष्यांना ही पाटी फार प्रिय होती. न विचारणे म्हणजेच आदर, असा त्यांचा समज होता. शिवाय त्यात कष्टही कमी.

त्या वर्षी तापाची साथ आली. पडवीत एकोणीस मुले फणफणत होती. त्यांना पुरेल एवढाच अर्क एका पेटीत उरला होता. पेटीची किल्ली एका शिष्येकडे असे. ती तिथे नवीन होती, फारसे बोलत नसे.

गुरुवारी दुपारी एक माणूस धापा टाकत आला. हाती चिठ्ठी : 'खालच्या गावात माणसे दगावत आहेत. सगळी पेटी याच्या हवाली करा. क्षणाचाही विलंब नको.'

अक्षर आचार्यांचे. मुद्रा आचार्यांची.

"अगं, बघतेस काय? दे!" ज्येष्ठ शिष्य म्हणाला.

"सगळी? आणि ही मुलं?"

"आचार्यांना कळत नाही, आणि तुला कळतं?"

"तुमचं चालू द्या, बाई," तो माणूस कळवळला, "तिकडं घटकेला एक जीव जातोय. पाप कुणाच्या माथी?"

तिने किल्ली मुठीत घट्ट धरली. नाही म्हणावे तर तिकडची माणसे, हो म्हणावे तर इथली मुले. पण एक गोष्ट तिला खुपत होती. आचार्य काढासुद्धा आठवा हिस्सा उरेपर्यंत आटवणारे. त्यांच्या एकाही चिठ्ठीत आजवर घाई नव्हती.

ती उठून आचार्यांच्या खोलीकडे निघाली.

"पाटी वाचता येते ना?" ज्येष्ठ शिष्य ओरडला. "आजच हाकलतील!"

"हाकलू देत. विचारते, मग जाते."

दाराशी जाऊन तिने चिठ्ठी पुढे केली. "आचार्य, ही चिठ्ठी आपली का?"

आचार्यांनी चिठ्ठी हातात घेतली. मुद्रेच्या कडेवरून नख फिरवले, तसा तो तुकडा सुटून आला. दुसऱ्या कागदावरून कापून डकवलेला.

"नाही," आचार्य म्हणाले. कित्येक वर्षांत प्रथमच गुरुवारी त्यांचा आवाज ऐकू आला.

सारे बाहेर आले, तोवर तो माणूस उतारावरून पळत सुटला होता. शिष्य काठ्या घेऊन धावणार, तोच आचार्यांनी दारावरची पाटी उतरवली आणि काढ्याच्या चुलीत सारली.

"चोर पळतोय, आणि आचार्य पाटी जाळताहेत!" ज्येष्ठ शिष्य म्हणाला.

"गेल्या आठवड्यात तो आपल्याच पडवीत तोंडावर घोंगडी ओढून कण्हत पडला होता," आचार्य म्हणाले. "जाताना चूर्णाच्या पुड्या घेऊन गेला. पुड्या कशात बांधता तुम्ही?"

पुड्या आचार्यांच्या जुन्या चिठ्ठ्यांत बांधल्या जात.

"गिरवायला अक्षर आपणच दिले त्याला, मुद्राही आपणच दिली. तरी तेवढ्यावर पेटी मिळाली नसती. माझे नाव दिसले की इथे मला कोणी विचारत नाही, हे त्याने पाहून ठेवले होते. हा चोर धरलात, तरी पाटी दुसऱ्याला बोलावील. ज्या घरात माझ्या नावाला भितात, ते घर माझ्याच नावाने लुटले जाते. पाटी मी लावली होती. चूक माझी."

शिष्येने पेटी उघडली आणि पहिल्या मुलाच्या ओठांशी अर्क नेला.

पुढच्या गुरुवारी खरीच चिठ्ठी आली : 'कोरफड आणावी.' ज्येष्ठ शिष्य ती घेऊन आचार्यांपुढे उभा राहिला. "ही आपलीच ना?" त्यांनी मान हलवली. सकाळपासूनची ही सातवी वेळ होती, आणि सातही वेळा ते हसले होते.

कचेरीत साहेबांच्या नावाने तातडीचा ई-मेल आला, तर उठून साहेबांच्या दाराशी जावे. आणि साहेबांनी तेवढे हसावे.